पैठणीच्या प्रदर्शनामागचे गणित

दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली, की पुण्या-मुंबईच्या सभागृहांत पैठणीची प्रदर्शने भरू लागतात. त्यातील बहुतांश व्यापाऱ्यांची असतात. नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या विणकरांनी एकत्र येऊन स्वतःचे प्रदर्शन भरवायचे ठरवले, तर त्याची तयारी चार-सहा महिने आधी सुरू करावी लागते. विणकराने आपला माल मांडायचा, यात एवढे अवघड काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अडचण अशी, की अनेकदा हा माल त्याचा नसतोच.

पैठण हे या वस्त्राचे मूळ गाव असले, तरी आज मागांची मोठी संख्या येवला परिसरात आहे. तेथील कित्येक विणकर मजुरीवर विणतात. रेशीम आणि जर व्यापारी देतो, साडी उतरली की ती त्याच्याकडे जाते आणि विणकराच्या हाती ठरलेली मजुरी पडते. प्रदर्शनासाठी मात्र त्याला मालाचा मालक व्हावे लागते. समजा, दहा विणकरांच्या गटाला साठ साड्या मांडायच्या आहेत. साध्या पदराची साडी महिन्याला एक उतरते, असे धरले तरी सहा महिने हवेत. तेवढा काळ मजुरी बंद, शिवाय बेंगळुरूचे रेशीम आणि सुरतेची जर पदरच्या पैशांनी घ्यायची. गट करण्याचे खरे कारण येथे आहे. एकट्याला न पेलणारी कच्च्या मालाची खरेदी, कर्ज आणि सभागृहाचे भाडे वाटून घेता येते. काही मागांवर मजुरीचे काम चालू ठेवून उरलेल्यांवर प्रदर्शनाचा माल विणणे, ही तडजोडही करता येते.

काय विणायचे, हा पुढचा प्रश्न. भरजरी पदराच्या साडीत प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. शेजारच्या रंगाचा धागा हाताने गुंतवत एकेक ओळ भरावी लागते. त्यामुळे दिवसभरात पदर थोडे इंचच पुढे सरकतो. अशी साडी लक्ष वेधून घेते, पण पैसा कित्येक महिने अडकवते. म्हणून बांगडी मोराच्या किंवा कमळाच्या दोन-चार भारी साड्या दर्शनी भागात आणि बाकी लहान पदराच्या, अशी विभागणी शहाणपणाची ठरते.

स्पर्धा यंत्रमागावरील ‘सेमी पैठणी’शी आहे. काही हजारांत मिळणारी ती साडी समोर असताना हातमागाची किंमत ग्राहकाला पटवायची कशी? उत्तर पदराच्या मागच्या बाजूला आहे. हाताने विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्राच्या साडीत मागे सुटे किंवा कापलेले धागे आढळतात. (हातमागावरच्या ब्रोकेड पैठणीतही अंगावर असे धागे असू शकतात, त्यामुळे ही खूण पदरापुरतीच धरावी.) साडी उलटी करून दाखवणारा विणकर सवलतीच्या फलकापेक्षा अधिक विश्वास मिळवतो, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

शिक्क्यांचेही महत्त्व आहेच. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु त्याची खूण वापरण्यासाठी उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘हँडलूम मार्क’साठीही अर्ज करावा लागतो. ही कागदपत्रे प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात होत नाहीत.

एक चिठ्ठी मात्र कोणत्याही कार्यालयाच्या परवानगीशिवाय लावता येते: साडी कोणी विणली आणि किती दिवस लागले. दुकानात गेल्यावर हे नाव पुसले जाते. कांड्या भरणाऱ्या, विणणाऱ्या घरातील स्त्रियांची नावे तर क्वचितच पुढे येतात. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशातील ३५ लाखांहून अधिक विणकर आणि संलग्न कामगारांत स्त्रियांचेच प्रमाण मोठे आहे.

सभागृहात माग ठेवायचा असेल, तर जमिनीतील खड्ड्याचा माग उपयोगाचा नाही. सुटा होणारा चौकटीचा माग न्यावा लागतो आणि त्यावर ताणा आधीच चढवून पदराला सुरुवात केलेली असावी लागते. जरीच्या साड्या फार काळ टांगून ठेवू नयेत, कारण वजनाने कापड ओढले जाते. मेजावर पसरून, घड्या बदलत ठेवणे बरे.

हिशेब शेवटच्या दिवशी मिटत नाही. रंग आणि काठ सांगून नोंदवलेली मागणी तयार विक्रीइतकीच मोलाची असते. तिच्या आगाऊ रकमेतून पुढचे रेशीम येते. न खपलेल्या साड्यांचे काय करायचे, हे मात्र गटाने आधीच ठरवून ठेवावे लागते. अन्यथा कर्जाचा हप्ता समोर दिसू लागला, की त्या व्यापारी म्हणेल त्या भावाने द्याव्या लागतात.