कॅमेरा आपला, ताबा परक्याचा

२१ ऑक्टोबर २०१६. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळपासून ट्विटर उघडेना, नेटफ्लिक्स चालेना, स्पॉटिफाय आणि गिटहबही ठप्प. या कंपन्यांच्या संगणकांत काहीच बिघडलं नव्हतं. अडचण होती न्यू हॅम्पशायरमधल्या ‘डाइन’ या कंपनीत. आपण संकेतस्थळाचं नाव टाइप केलं की ते नेमकं कोणत्या क्रमांकावर सापडेल, हे सांगणं तिचं काम. त्या दिवशी तिच्यावर चौकश्यांचा असा मारा झाला की खऱ्या ग्राहकांपर्यंत ती पोहोचूच शकेना. मारा करणारे होते घरादुकानांतले सीसीटीव्ही कॅमेरे, त्यांचे डीव्हीआर आणि वायफायचे राऊटर.

ही उपकरणं बळकावणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ‘मिराई’. त्याची युक्ती ऐकून हसूच येतं. इंटरनेटवरचे पत्ते अंदाधुंद चाचपायचे, कुठे दुरून उपकरणात शिरण्याची टेलनेट ही जुनाट सोय चालू दिसली की पाठ केलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून बघायच्या. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन. रूट-१२३४५६. नाहीतर सरळ सहा वेळा आठ. एवढ्या भांडवलावर ऐन भरात सुमारे सहा लाख उपकरणं त्याच्या हुकमतीखाली होती! आत शिरल्यावर तो टेलनेट बंदही करून टाकायचा, म्हणजे दुसरा कुणी भागीदार यायला नको. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला की मिराई पुसला जाई, पण पासवर्ड तोच असला तर थोड्याच वेळात परत हजर.

इथे मालकाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण मिराईने पाठ केलेल्या जोड्यांत ‘रूट’ आणि ‘एक्ससी३५११’ अशी एक जोडी होती. एका चिनी उत्पादकाचे सुटे भाग वापरून अनेक कंपन्यांनी आपापल्या नावाने विकलेल्या डीव्हीआरमध्ये ती कारखान्यातच कोरलेली होती. मालकाने स्क्रीनवर जाऊन पासवर्ड बदलला तरी टेलनेटचा हा पासवर्ड जसाच्या तसा राहायचा. बदलायची सोयच नाही, आणि असा काही पासवर्ड आहे हे ग्राहकाला सांगणारंही कुणी नाही.

मिराई लिहिणारे पारस झा, जोसाया व्हाइट आणि डाल्टन नॉर्मन हे तिघे विशी-एकविशीतले अमेरिकन तरुण. कुठल्या परकीय सत्तेचे हेर वगैरे नव्हेत. भांडण होतं माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरच्या धंद्यातलं. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर पाडला की गिऱ्हाईक आपल्याकडे येतं. झा आणि व्हाइट यांची तर अशा हल्ल्यांपासून संरक्षण विकणारी कंपनीच होती. पोलीस मागे लागणार असं दिसताच झाने सप्टेंबर २०१६ अखेर मिराईचा कोड जगजाहीर केला. डाइनवरचा हल्ला झाला तो त्यानंतर, इतरांच्या हातून. डिसेंबर २०१७मध्ये तिघांनीही गुन्हा कबूल केला. पुढे एफबीआयला भरपूर मदत केल्यामुळे तुरुंगवास टळला.

मला या प्रकरणात खुपतं ते वेगळंच. ज्याचा कॅमेरा बळकावला गेला त्याला काहीच झळ पोहोचली नाही. चित्र दिसत होतं, रेकॉर्डिंग चालू होतं. उत्पादकाचा माल कधीच विकून झालेला. नुकसान झालं ते तिसऱ्याचंच. मग दुरुस्तीची गरज वाटणार कुणाला? सोसायटीत कॅमेरे बसवणारा सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो, कारण सेक्रेटरींचा रात्री फोन आला तर त्याला पुन्हा यायला नको. त्याच्या बाजूने ते शहाणपणाचंच.

पण झळ कधी कॅमेऱ्यासमोरच्या माणसांनाही पोहोचते. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीची दृश्यं २०२५मध्ये बाहेर फुटली, तेव्हा तिथला पासवर्ड ‘अ‍ॅडमिन१२३’ होता असं समोर आलं. भारतात एप्रिल २०२५पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे. कॅलिफोर्नियात २०२०पासून प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड, किंवा पहिल्याच वापरात तो बदलायला लावणं बंधनकारक आहे. ब्रिटनने एप्रिल २०२४पासून सगळ्यांना सारखाच पासवर्ड देऊन माल विकायला बंदी घातली. हे सगळे नियम विकणाऱ्याला धरतात. आधीच भिंतींवर बसलेले कॅमेरे त्यांच्या कक्षेबाहेर आहेत, आणि मिराईच्या कोडवरून बेतलेले नवे प्रोग्रॅम अजूनही तशीच उपकरणं हुडकत असतात.