पदवी हाती, दार बंद

भाऊबीजेला बहीण ओवाळायला आली, तिच्याबरोबर माझी भाचीही आली. ओवाळणी झाली, फराळाची ताटे समोर आली, आणि भाचीने विषय काढला, "मामा, मला अमेरिकेत डॉक्टर व्हायचंय."

दांडिया बाजारातल्या आमच्या आळीला अमेरिकेचे अप्रूप आता राहिलेले नाही. शेजारच्या तीन घरांतली मुले तिकडे आहेत, पण ती सगळी इंजिनियर. पदवी घेऊन डॉक्टरकीसाठी निघालेली ही पहिलीच. तिच्या हाती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची बी. एस्सी., तीही पहिल्या वर्गातली. तेव्हा अडचण असलीच तर पैशाची, असे मी धरून चाललो आणि वडिलार्जित घरातला माझा हिस्सा गहाण टाकण्याचा बेतही मनाशी करून टाकला. पुढच्या चार महिन्यांत जे कळले ते आमच्यासारख्या इतर घरांनाही उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेतली एम. डी. म्हणजे आपली एम. डी. नव्हे. ती तिकडची पहिली वैद्यकीय पदवी, आपल्या एम. बी. बी. एस. च्या जोडीची. मात्र बारावी झाल्यावर सहसा तिला प्रवेश नसतो. आधी कॉलेजची चार वर्षे, मग वैद्यकाची चार, आणि पुढे रुग्णालयातली उमेदवारी. हे ऐकून आम्हांला वाटले, पहिली पायरी तर पोरीने चढलेलीच आहे! गावातल्या एका सल्लागारानेही तेच सांगितले. "पदवीचे मूल्यांकन करून घ्या, की झाले." त्याची फी दिली, मूल्यांकनाची दिली, आणि बी. एस्सी. चा एकेक विषय अमेरिकन मापाने मोजलेला कागद घरी आला. देवापुढे ठेवण्याइतका आनंद झाला.

तो आनंद भाचीने नियमावली स्वतः वाचेपर्यंतच टिकला. तिकडच्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज 'ॲमकास' नावाच्या एकाच सामाईक व्यवस्थेतून जातात. अर्जदाराचे सर्व गुण एका मापात बसवून महाविद्यालयांपुढे ठेवणे हे तिचे काम. परदेशी विद्यापीठातले विषय अर्जात नोंदता येतात, पण ही व्यवस्था ते तपासत नाही आणि त्यांची सरासरीही काढत नाही. म्हणजे भाचीच्या तीन वर्षांच्या मेहनतीपुढे त्या रकान्यात आकडाच पडायचा नाही. एम. डी. ची दीडशेहून अधिक महाविद्यालये आहेत, पण त्यांतली बहुसंख्य परदेशी नागरिकाचा अर्ज विचारातच घेत नाहीत. जी घेतात, त्यांतली बरीच म्हणतात की निदान एक-दोन वर्षे अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजात शिका, रसायन, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान प्रयोगशाळेसह पुन्हा करा. काहींना तर पूर्ण पदवीच तिकडची हवी.

"म्हणजे आपली पदवी खोटी का?" बहिणीने विचारले. तिच्या आवाजात चीड होती, आणि तीच चीड माझ्याही मनात होती.

पण पदवी खोटी नाही. याच शहराच्या महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तेव्हा त्यांच्यापाशी मुंबई विद्यापीठाची बी. ए. होती आणि ती चालली. आजही आपल्या पदवीवर मुले तिकडे एम. एस., पीएच. डी. करतात. तिथे एखाद्या विभागाचे चार प्राध्यापक एका विद्यार्थ्याची पारख करतात. वैद्यकाला मूठभर जागांसाठी हजारो अर्ज येतात, आणि सगळ्यांना एकच काटा लावायचा असतो. आपले सोने त्या काट्यावर चढतच नाही, एवढेच.

हा काटा मुळात आला कुठून, हे शोधताना मला आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ च्या जूनमध्ये त्या अमेरिकेत उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. हाती पदवी नव्हती, मॅट्रिकचा दाखलाही नव्हता. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी अर्ज लिहिला, त्यात सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही हे मोकळेपणी कबूल केले आणि आपल्या देशातल्या बायका परपुरुषाकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करतात, हे कारण पुढे ठेवले. त्यांना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. ते काम हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला.

पदवी नसताना आनंदीबाई आत गेल्या, आणि पदवी असून आमची पोर दाराशी उभी! पण त्या काळी अमेरिकेतल्या मुलांनाही वैद्यकासाठी पदवी लागत नसे. १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय उघडले आणि त्याने पदवीची अट घातली. पुढे १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनरने गावोगावची महाविद्यालये हिंडून त्यांच्या दुरवस्थेवर कठोर अहवाल लिहिला. प्रयोगशाळा नाही, रुग्ण नाहीत, तरी पदव्या वाटल्या जात, असे कितीतरी ठिकाणी त्याला आढळले. त्यानंतर अनेक महाविद्यालये बंद पडली आणि प्रवेशाच्या अटी कडक झाल्या. रोग्याच्या भल्यासाठी उभारलेली ही भिंत आहे. आपल्यासाठी मुद्दाम कोणी घातलेली नाही. हे समजल्यावर माझी चीड ओसरली.

मग वाटा किती उरतात? एक, तिकडे जाऊन दोन वर्षे विज्ञान पुन्हा शिकायचे, 'एमकॅट' ही साडेसात तासांची परीक्षा द्यायची आणि मग अर्ज करायचा. खाजगी महाविद्यालयात नुसती शिकवणीची फीच वर्षाला साठ हजार डॉलरच्या वर जाते, सरकारी कर्ज परदेशी नागरिकाला मिळत नाही, आणि काही ठिकाणी पुढच्या वर्षांची रक्कम आधीच अनामत ठेवावी लागते. दुसरी वाट, इथेच 'नीट' देऊन एम. बी. बी. एस. व्हायचे, मग अमेरिकन परवान्याच्या परीक्षा देऊन तिकडे उमेदवारीला जायचे. इकडून गेलेले बहुतेक डॉक्टर याच वाटेने गेलेले आहेत. त्यात साडेपाच वर्षे जातात खरी, पण हाती काही न लागता परतण्याचे भय कमी.

हिशोब मांडून मी कागद भाचीपुढे ठेवला. घराच्या हिश्शाचा आकडाही त्यात होता. तिने तो वाचला आणि पेन्सिलीने त्या आकड्यावर रेघ ओढली.

"मामा, हे नको. आधी मी त्यांना विचारते."

तिने सात महाविद्यालयांना स्वतः पत्रे लिहिली. माझी पदवी इथली आहे, तुमची कोणती अट मी पुरी करत नाही तेवढे सांगा, असा साधा मजकूर. पाच उत्तरे आली. तिघांनी नकार कळवला, दोघांनी आधी तिकडे वर्षभर शिकून या म्हटले. सल्लागाराकडून चार महिन्यांत जे कळले नव्हते, ते पाच ओळींच्या उत्तरांतून पंधरा दिवसांत कळले, आणि तेही फुकट.

सध्या ती 'नीट'च्या अभ्यासाला बसली आहे. बारावीची जुनी पुस्तके माळ्यावरून मीच काढून दिली. ती दोन पत्रे तिने फाडलेली नाहीत, टेबलाच्या खणात जपून ठेवली आहेत. मूल्यांकनाचा कागद मात्र अजून देवघरातच आहे. तो तिथून काढायला बहिणीचा हात होत नाही.