मालदीवला जाताय? आधी वाट विचारा, मग खोली निवडा

आई-बाबांच्या लग्नाला यंदा 40 वर्षं होतायत. आम्हा भावंडांनी ठरवलं, दोघांना मालदीवच्या रिसॉर्टवर न्यायचं. इंदूरच्या घरात बसून मी पाण्यावर बांधलेल्या खोल्यांचे फोटो दाखवत होते. आईने एवढंच विचारलं, "अगं, पण विमानतळावरून तिथं पोचायचं कसं?"

माझी चूक तिथेच कळली. मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्टचं स्वतंत्र बेट असतं. मालेच्या विमानतळावरून पुढे स्पीडबोट, सी-प्लेन किंवा छोटं विमान घ्यावं लागतं. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. आमचं विमान संध्याकाळी पोचणार होतं, म्हणजे पहिली रात्र मालेजवळ काढायची आणि तिकडे पैसे भरलेली खोली रिकामी! शिवाय या प्रवासाचं भाडं बहुधा वेगळं द्यावं लागतं. लांबच्या बेटावर स्पीडबोटीने जायचं, तर तिचे दणके बाबांच्या पाठीला झेपणार नव्हते.

मग सगळं बदललं. बोटीने वीस मिनिटांवरचं बेट, दुपारपूर्वी पोचणारं विमान, कोरड्या हवेचा फेब्रुवारी. कर, बोट आणि शाकाहारी जेवण धरून एकूण खर्च लेखी मागवला.

एक गोष्ट मात्र आईला सांगणं जड गेलं. प्रवासात तिच्या पिशवीत बाळकृष्ण असतोच, पण पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये न्यायला बंदी आहे. आई क्षणभर गप्प झाली. मग काकूला फोन लावून म्हणाली, "पाच दिवस बाळकृष्ण तुझ्याकडे. लोणी-साखर विसरू नकोस हो."