टाके निघाले, आता व्रणाची काळजी

लेकराच्या गालावरची जखम भरली, टाके निघाले, की व्रणाचा घोर लागतो. मुलगी असेल तर जास्तच. वस्त्यांमध्ये आम्ही आयांना सांगतो, घाबरू नका. पहिले २-३ महिने व्रण लाल, कडक दिसतोच. फिका पडायला १२ ते १८ महिने लागतात. महागडे मलम नको. जखम पूर्ण बुजल्यावर २-३ आठवड्यांनी साधी पेट्रोलियम जेली लावून दिवसातून दोनदा बोटाने हलके चोळा. वाशिमच्या उन्हात व्रण काळा पडतो, म्हणून टोपी घाला. चुना, लिंबू, टूथपेस्ट लावू नका. व्रण फुगून जखमेबाहेर पसरला किंवा पापणी, ओठ ओढला गेला, तर जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा. आणि ‘हिचं लग्न कसं होईल’ असं तिच्यासमोर बोलू नका. व्रणाच्या लाजेने तिची शाळा एक दिवसही चुकू नये.