बेकार भत्ता की पदरात पडेल ती मजुरी?

"सरकार घरबसल्या पैसे द्यायला लागलं, तर उद्या खुरपायला बाई मिळायची नाही!" परभणीकडे हे वाक्य गावच्या पारावर ऐकू येते, तसेच चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही. त्याच गावात दुसऱ्या एखाद्या ओसरीवर मात्र निराळाच प्रश्न चाललेला असतो. "मालक देतो त्या पैशात जावं, का पंचायतीत कामाचा अर्ज टाकून वाट बघावी?" पहिले वाक्य बोलणारे पुष्कळ आहेत, दुसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर देणारे थोडे. म्हणून भगिनींनो, आज आपण वाणसामानाच्या यादीसारखाच याचाही हिशेब मांडून बघू.

हा भत्ता आला कुठून?

बेकाराला मदत द्यावी की नाही, हा वाद फार जुना. इंग्लंडात १८३४ साली गरिबांसाठी जो कायदा झाला, त्यामागचे तत्त्वच असे होते की, मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत कमी मजुरीच्या कामगाराहूनही हलकी राहावी. नाहीतर काम कोण करील, अशी भीती!

आपल्या महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या हजारो बाया डोक्यावर पदर घेऊन खडी फोडायला, मातीकामाला गेल्या. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम दिले नाही तर रोज किमान एक रुपया बेकार भत्ता, असे त्यात ठरले. यासाठी लागणाऱ्या पैशाची एक सोय म्हणजे १९७५ सालच्या कायद्याने आलेला व्यवसाय कर. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून तो कापला जाई, तेव्हा खेड्यातल्या कुणा बाईच्या हाताला काम मिळे.

पुढे २००५ साली संसदेने असाच कायदा साऱ्या देशासाठी केला. दर कुटुंबाला वर्षात १०० दिवस कामाची हमी. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि त्यानंतर किमान निम्मी रक्कम भत्ता म्हणून.

आता आकडे मांडू

२०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात हमीच्या कामाचा दर होता रोज ३१२ रुपये. म्हणजे भत्ता पहिला महिनाभर ७८ रुपये आणि मग १५६ रुपये.

समजा, मानवतकडच्या एका गावात खुरपणीला बाईला २५० रुपये रोज मिळतो आहे. पंधरा दिवस गेली तर ३,७५० रुपये हाती येतात. तेच पंधरा दिवस हमीचे काम पुऱ्या मापाने केले, तर ४,६८० रुपये. आणि पंधरा दिवस नुसता भत्ता मिळाला तर? १,१७० रुपये! त्यातही अर्जानंतरचे पहिले पंधरा दिवस कोरडेच जातात.

आता सांगा, चूल पेटती ठेवायची आहे ती कोणती बाई हौसेने भत्ता पत्करील? शिवाय अटी आहेतच. दिलेले काम नाकारले किंवा पंधरा दिवसांत कामावर हजर झाले नाही, तर तीन महिने भत्त्याचा हक्क जातो. २००५ च्या कायद्यात वर्षात मजुरी आणि भत्ता मिळून १०० दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम झाली, की भत्ता बंद होई. तेव्हा "घरबसल्या पैसे" ही गोष्ट पारावरच सोडून देऊ.

कमी मजुरीचा खरा जोर निराळ्याच गोष्टीत आहे. ती रोख असते. संध्याकाळी नाहीतर बाजाराच्या दिवशी पैसे हातात पडतात. हमीची मजुरी मापानंतर बँकेच्या खात्यात येते. पंधरा दिवसांत यावी असे कायदा म्हणतो, पण पुष्कळदा ती रेंगाळते. तेल-मीठ उद्या आणायचे असेल, तर आजचे अडीचशे हे महिन्यानंतरच्या तीनशेबारांहून मोठे वाटतात. यात त्या बाईची काही चूक नाही.

मग भत्ता कशासाठी?

भत्त्यावर घर चालत नाही, हे खरे. पण त्याच्या धाकाने काम निघते. २००५ च्या कायद्यात अकुशल कामाची मजुरी केंद्र सरकार देई आणि भत्ता मात्र राज्याला आपल्या खिशातून द्यावा लागे. काम काढले तर खर्च दुसऱ्याचा, न काढले तर आपला! काम काढण्याची टोचणी लागावी म्हणूनच ही तरतूद होती.

आणि यातच दुसरी गोम आहे. अर्जच नोंदला गेला नाही, तर पंधरा दिवस मोजायचे कधीपासून? म्हणून कित्येकदा मागणी तोंडी ऐकली जाते, "बघू, काम निघालं की कळवतो" म्हणतात, आणि कागद कुणाकडेच राहात नाही. तारखेची पोच नसेल तर कामही नाही आणि भत्ताही नाही.

हा कागद हाती असला, की शेतावरच्या मजुरीचे बोलणेही बदलते. "याहून कमीत येत नाही" म्हणायला मागे काही आधार लागतो. हमीच्या कामावर बाईला पुरुषाइतकाच दर असतो. शेतावर मात्र तिला सहसा गड्यापेक्षा कमीच मिळते.

पोळा झाला की अर्ज

गंगाखेड, पालम, जिंतूर भागातल्या भगिनींसाठी हे विशेष महत्त्वाचे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल घेऊन दारी येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेतली, की ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने फडावर. लेकरांची शाळा सुटते ती सुटतेच. घरात पैसा नसताना उचल नाकारणे सोपे नाही. म्हणून आधीच विचार हवा. अर्जाचे पंधरा दिवस आणि काम सुरू झाल्यावर मजुरीचे आणखी पंधरा दिवस धरले, तर पैसा दिसायला महिना लागतो. तेव्हा दिवाळीच्या तोंडावर अर्ज करून उपयोग नाही. पोळा झाला की अर्ज टाकावा, म्हणजे मुकादम येईल तेव्हा घरात निदान दुसरा पर्याय तरी उभा असेल.

नव्या कायद्यात काय?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता, हे तत्त्वही ठेवले आहे. मात्र पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवता येतील. शेतकऱ्याला मजूर मिळावेत हा त्यामागचा हेतू. पण खुरपणी-वेचणीचे दिवस म्हणजे मजुरी वाढवून मागण्याचे दिवस. नेमक्या तेव्हाच हमीचा आधार नसेल. त्या दिवसांत एकटीने भाव करण्यापेक्षा गल्लीतल्या दहाजणींनी मिळून रोज ठरवावा.

एवढे जरूर करा

१. कामाची मागणी नेहमी लेखी करा. आजवर ती 'नमुना ४' वर केली जात असे; सध्याचा नमुना ग्रामरोजगार सेवकाकडे विचारा. चार-पाचजणी मिळून जा.

२. तारीख आणि सही असलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. ती रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा.

३. पंधरा दिवस कॅलेंडरवर खूण करून मोजा. काम निघाले नाही, तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याकडे भत्त्याचा लेखी अर्ज द्या.

४. बँकेचे खाते स्वतःच्या नावाचे असू द्या. घामाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात कशाला?

५. दिवस आणि माप रोजच्या रोज वहीत लिहा. स्वतःला येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घ्या.

६. वाट बघण्याच्या पंधरा दिवसांत शेतावर काम मिळाले तर खुशाल जा. पण हमीचे काम निघाल्याचे कळले की वेळेत हजर व्हा.

आणि ज्या भगिनींच्या स्वतःच्या शेतावर मजूर येतात, त्यांनाही एक विनंती. बाई कामाला येत नाही म्हणून बोल लावण्याआधी तिला आपण रोज काय देतो आणि हमीचा दर काय आहे, हे दोन आकडे एकदा शेजारी-शेजारी लिहून बघा.