अंड्याभोवतीची गाठ

पनवेलहून गोवा महामार्गाने दक्षिणेला गेले की रत्नागिरी जिल्हा लागतो. तिथल्या गिमवी गावात लघवीतून रक्त पाडणारा शिस्टोसोमियासिस हा जंतांचा रोग असल्याचे गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी १९५२ मध्ये जगापुढे मांडले. वाहक म्हणून बोट दाखवले गेले ते गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या गोगलगायीकडे.

प्रयोगशाळेतल्या उंदरांत अभ्यासतात तो याच कुळातला ‘मॅन्सोनी’ जंत. खरी इजा जंतापेक्षा त्याची अंडी करतात. मादी रोज शेकडो अंडी घालते, बरीचशी यकृतात नि आतड्यात अडकतात. संसर्गानंतर आठव्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक अंड्याभोवती संरक्षक पेशींची गाठ पुरती फुगते; मागाहून तिथे तंतू साचून यकृत कडक होते. मात्र टी-पेशी हा संरक्षक पेशींचा प्रकार नसलेल्या उंदरांत गाठी लहानच राहतात आणि अंड्यातून पाझरणाऱ्या विषाने आसपासच्या यकृतपेशी मरतात.