सही करण्यापूर्वी

मुलांनो, फुटबॉलचा सामना ९० मिनिटे चालतो. ११ खेळाडू एका बाजूला आणि ११ दुसऱ्या बाजूला असतात. हे तुम्हांला चांगले माहीत आहे. पण व्यावसायिक खेळाडूच्या आयुष्यात आणखी एक सामना असतो. तो मैदानावर होत नाही, टेबलावर होतो. तिथे चेंडू नसतो, पंच नसतो, टाळ्याही नसतात. एका बाजूला क्लबचे व्यवस्थापक आणि वकील बसतात. दुसऱ्या बाजूला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे आईवडील बसतात. मध्ये एक कागद असतो. त्या कागदाला करार म्हणतात.

करार म्हणजे दोन बाजूंनी एकमेकांना दिलेला पक्का शब्द. मी हे करीन, त्याबद्दल तुम्ही ते द्याल, असे दोघांनी कबूल केले की करार झाला.

आपल्या सेनगावच्या परिसरात करार काही नवा नाही. गुढीपाडव्याला शेतकरी आणि सालगडी यांचे साल ठरते. वर्षाची रक्कम किती, धान्य किती, हे दोघे बोलून ठरवतात. कोणी दुसऱ्याचे शेत बटईने करतो, कोणी ठोक्याने करतो. ऊसतोडीला जाणारी माणसे मुकादमाकडून उचल घेतात आणि तेवढे काम करण्याचे कबूल करतात. उचल फिटेपर्यंत त्यांना दुसरीकडे जाता येत नाही. हे सगळे करारच आहेत. मात्र यांतले पुष्कळसे तोंडी असतात. पुढे वाद झाला, तर कोण काय बोलले होते हे आठवत बसावे लागते. फुटबॉलपटूचा करार याच जातीचा असतो. फरक इतकाच, की तो कागदावर असतो आणि कागद काही विसरत नाही.

अशा कागदावरचे मराठी पाहून तुम्ही घाबरू नका. त्यातले कितीतरी शब्द तुमच्या घरातलेच आहेत. करार, मुदत, शर्त, रक्कम, हक्क, तारीख, दस्तऐवज, वकील, कबूल, नुकसान हे शब्द तुम्ही उर्दूतही वाचता. मराठी माणसाने ते शेकडो वर्षांपूर्वी आपलेसे केले. पण एका शब्दापाशी जरा थांबा. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. मराठीत 'राजीनामा' म्हणजे काम सोडत असल्याचा कागद. उर्दूत त्याला आपण इस्तीफा म्हणतो. एकच शब्द, पण एका भाषेत तो समेट घडवतो आणि दुसऱ्या भाषेत नोकरी घालवतो! म्हणून ओळखीचा शब्दसुद्धा अर्थ विचारूनच वाचावा.

आता एका लहान मुलाची गोष्ट ऐका. अर्जेंटिना देशातल्या रोसारिओ शहरात लिओनेल मेस्सी नावाचा मुलगा होता. तो फार सुंदर खेळायचा, पण त्याची उंची वाढत नव्हती. त्यासाठी महागडे उपचार लागत होते. सन २००० मध्ये त्याचे वडील त्याला स्पेनमधल्या बार्सिलोना क्लबकडे घेऊन गेले. तेव्हा तो १३ वर्षांचा होता. त्याचा खेळ क्लबला आवडला. पण इतक्या लहान परदेशी मुलावर एवढा खर्च करावा का, यावर क्लबमध्ये एकमत होईना. दिवस जात होते. वडील म्हणू लागले, "होय की नाही, ते एकदा सांगा."

शेवटी १४ डिसेंबर २००० रोजी क्लबचे अधिकारी कार्लेस रेशाक यांनी जेवणाच्या टेबलावरचा एक कागदी रुमाल घेतला. त्यावर त्यांनी लिहून दिले, की ठरलेल्या रकमा पाळल्या जाणार असतील तर या मुलाला क्लबमध्ये घेण्याची जबाबदारी माझी. खाली त्यांची आणि दोन मध्यस्थांची सही झाली. हा रुमाल पुढे जगप्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये लंडनमध्ये त्याचा लिलाव झाला, तेव्हा त्याला ७ लाख ६२ हजार ४०० पौंड किंमत आली.

पण नीट विचार करा. त्या रुमालावर मेस्सीची सही नव्हती आणि त्याच्या वडिलांचीही नव्हती. पगार किती, मुदत किती, उपचारांचा खर्च कोण करणार, यांतले काहीच त्यावर स्पष्ट लिहिलेले नव्हते. म्हणजे रुमाल हे फक्त आश्वासन होते. खरा करार त्यानंतर २००१ मध्ये झाला. आश्वासनाने धीर मिळतो, पण हक्क मिळतो तो कराराने. "तुझी सोय करू, काळजी करू नकोस," असे कोणी म्हणाले, तर त्याचे आभार मानावेत आणि तेच वाक्य कागदावर लिहून मागावे.

आता वयाचा प्रश्न घेऊ. आपल्या देशात करारासंबंधीचा कायदा १८७२ सालचा आहे. त्यानुसार करार करणारी व्यक्ती सज्ञान असावी लागते, म्हणजे तिला १८ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. अज्ञान मुलाने एकट्याने केलेला करार कायद्यात टिकत नाही. १९०३ साली एका प्रसिद्ध खटल्यात हे स्पष्ट झाले. म्हणून लहान खेळाडूच्या बाबतीत पालकांची सही आवश्यक असते.

महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड पाहायचे असेल, तर कोल्हापूरला जावे. तिथे तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि सामना पाहायला गर्दी लोटते. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला. त्या वेळी भारताच्या संघात २१ मुले होती. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत अमेरिकेविरुद्ध त्यांचा पहिला सामना झाला. सारा देश त्यांना पाहत होता. मोठमोठे क्लबही त्यांना पाहत होते. पण त्यांच्यापैकी एकाचेही वय त्या दिवशी १८ नव्हते. देशासाठी खेळता येत होते, पण स्वतःच्या एकट्याच्या सहीने करार करता येत नव्हता! यात अपमान काही नाही. ज्या वयात मन लवकर हुरळून जाते, त्या वयात कायदा आपल्यामागे ढालीसारखा उभा राहतो.

जगातल्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फिफा या संस्थेनेही असाच विचार केला आहे. तिच्या नियमांप्रमाणे मोठ्या खेळाडूचा करार साधारणपणे जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो. पण १८ वर्षांखालील खेळाडूला ३ वर्षांहून अधिक काळ बांधून ठेवता येत नाही. काही अपवाद सोडले, तर १८ वर्षे होण्याआधी त्याला परदेशी क्लबात नेताही येत नाही. हा नियम मोडल्याबद्दल २०१४ मध्ये फिफाने खुद्द बार्सिलोना क्लबवरच कारवाई केली होती.

समजा, उद्या तुमच्यापैकी एखाद्यासमोर असा कागद आला. त्यात काय पाहावे?

पहिली गोष्ट मुदत. करार कोणत्या तारखेला सुरू होतो आणि कोणत्या तारखेला संपतो? 'आणखी दोन वर्षे वाढवता येईल' असे लिहिले असेल, तर वाढवण्याचा हक्क कोणाचा? फक्त क्लबचा, की दोघांचा? तीन वर्षांचा वाटणारा करार अशा एका ओळीने पाच वर्षांचा होतो.

दुसरी गोष्ट मोबदला. रक्कम महिन्याची आहे, की वर्षाची? ती कोणत्या तारखेला मिळेल? राहणे, जेवण आणि प्रवास यांचा खर्च वेगळा, की त्यातूनच कापला जाणार? आगाऊ रक्कम मिळाली, तर ती परत करावी लागेल का? ऊसतोडीच्या उचलीचे ओझे ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. आणि पगार थकला तर? फिफाच्या नियमानुसार क्लबने दोन महिन्यांचा पगार थकवला, तर खेळाडू १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो.

तिसरी गोष्ट दुखापत. खेळाडूचे सारे भांडवल त्याच्या पायांत असते. गुडघा मोडला तर उपचार कोण करणार? बरे होईपर्यंत पगार चालू राहणार का?

चौथी गोष्ट शिक्षण. हजारो मुले फुटबॉल खेळतात. त्यांच्यापैकी थोडीच त्यावर पोट भरू शकतात. सराव सांभाळून शाळेत जाता येईल आणि दहावी-बारावीच्या परीक्षेला सुट्टी मिळेल, हे करारात लिहून घेता येते. क्लबकडे अशी मागणी करण्यात लाज कसली?

पाचवी गोष्ट बाहेर पडण्याची वाट. बेल्जियम देशातल्या बोसमन नावाच्या खेळाडूचा करार १९९० साली संपला. जुन्या क्लबने त्याचा पगार एकदम कमी करायचे ठरवले. म्हणून त्याने दुसऱ्या क्लबात जायचे ठरवले. पण करार संपलेला असूनही जुना क्लब त्याच्याबद्दल पैसे मागू लागला, आणि त्याची वाट अडली. तो न्यायालयात गेला. पाच वर्षांनी, १५ डिसेंबर १९९५ रोजी, युरोपच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. करार संपला की खेळाडू मोकळा, असे तेव्हापासून युरोपात ठरले. पुढच्या हजारो खेळाडूंना त्याचा फायदा झाला. बोसमनची स्वतःची खेळण्याची उमेदीची वर्षे मात्र त्या लढाईत निघून गेली.

तारखेचे महत्त्व तर खुद्द मेस्सीलाही कळले. २०२० मध्ये त्याला बार्सिलोना सोडायचे होते. हंगाम संपल्यावर विनामूल्य बाहेर पडता येईल, असे एक कलम त्याच्या करारात होते. करोनाच्या साथीमुळे तो हंगाम ऑगस्टपर्यंत लांबला. मेस्सीने ऑगस्टमध्ये क्लबला तसे कळवले. क्लबचे म्हणणे असे, की कळवण्याची शेवटची तारीख १० जून होती, ती उलटून गेली. आता जायचे तर ७० कोटी युरो भरा! जगातला नामवंत खेळाडू, पण एका तारखेने त्याला आणखी एक वर्ष थांबवले.

मात्र करार फक्त क्लबला बांधतो, असे समजू नका. तो खेळाडूलाही बांधतो. २०२४ मध्ये भारताचा बचावपटू अन्वर अली याने मोहन बागान क्लबशी असलेला चार वर्षांचा करार मध्येच सोडला आणि तो ईस्ट बंगालकडे गेला. भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्या सप्टेंबरमध्ये त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली. त्याने आणि संबंधित दोन क्लबांनी मिळून १२ कोटी ९० लाख रुपये भरपाई द्यावी, असाही आदेश दिला. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, आणि तो आदेश मागे घेऊन पुन्हा सुनावणी घ्यायचे ठरले. चूक कोणाची, हे ठरवणे आपले काम नाही. पण करार मोडणे म्हणजे चप्पल बदलणे नव्हे, एवढे यावरून कळते.

मग बोलणी कशी करावीत? आवाज चढवून नव्हे आणि मान खाली घालूनही नव्हे. क्लब मुलाला शिकवतो, जेवू घालतो, त्याच्यावर पैसे खर्च करतो. त्यामुळे त्याला काही वर्षे आपल्याकडे ठेवण्याची क्लबची इच्छा रास्त आहे. मुलगा आपली उमेदीची वर्षे देतो. त्याची मागणीही रास्त आहे. दोन्ही रास्त गोष्टींचा मेळ घालणे, यालाच बोलणी म्हणतात. "हा मुद्दा समजला नाही, पुन्हा सांगा," असे म्हणण्याचा खेळाडूला पूर्ण हक्क आहे. "कागद घरी नेतो, जाणत्या माणसाला दाखवतो आणि मग सांगतो," असे म्हणण्याचाही हक्क आहे. जो माणूस म्हणतो, "आत्ताच सही कर, नाहीतर संधी गेली," त्याच्यापासून सावध राहावे. चांगला क्लब एक-दोन दिवस थांबतो.

मुलांनो, तुमच्यापैकी सगळेच काही फुटबॉलपटू होणार नाहीत. पण कागद प्रत्येकासमोर येणार आहे. कोणी नोकरीला लागेल, कोणी दुकान भाड्याने घेईल, कोणी बँकेचे कर्ज काढेल. तेव्हा हेच पाच प्रश्न थोडे बदलून विचारा. कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नका. आणि सही केल्यावर एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

शब्दार्थ

सज्ञान – १८ वर्षे पूर्ण झालेला
अज्ञान – (कायद्यात) १८ वर्षांखालील
मोबदला – कामाबद्दल मिळणारी रक्कम
मध्यस्थ – दोन बाजूंमध्ये बोलणी घडवून आणणारा
कलम – करारातील एक मुद्दा
रास्त – योग्य
उमेदीची वर्षे – उत्साहाची, तरुणपणाची वर्षे
हुरळून जाणे – आनंदाने भान विसरणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मेस्सीसाठी कागदी रुमालावर कोणी लिहून दिले?
(आ) १८ वर्षांखालील खेळाडूचा करार जास्तीत जास्त किती वर्षांचा असतो?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रुमालावरचा मजकूर हा पूर्ण करार का नव्हता?
(आ) बोसमनच्या लढाईचा फायदा कोणाला झाला?

३. 'राजीनामा' या शब्दाचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ लिहा. दोन्ही भाषांत असणारे आणखी पाच शब्द शोधा.

४. तुमच्या घरी किंवा शेतात होणाऱ्या एखाद्या कराराची माहिती वडीलधाऱ्यांना विचारा आणि आठ ओळींत लिहा.